देरामनच्या भोवऱ्यातली खोट

सुहैमीची एक सवय त्याच्या आईला, मोक जेनाबला, मुळीच खपायची नाही. पोरगा दोन-दोन वर्षांनी घरी यायचा आणि आईशी बोलायच्या आधी दाराच्या बिजागरीशी बोलायचा. पिशवी खाली टेकली की हातात तेलाची कुपी. दार कुरकुरतंय, घाल तेल. विहिरीची कप्पी कण्हतेय, घाल तेल. शिलाईचं मशीन खडखडतंय, उघड त्याचं पोट आणि घाल तेल. दक्षिणेला जोहोरमधल्या कारखान्यात तो लेथवर काम करायचा. लोखंडाच्या गोल वस्तू तिथे इतक्या गुळगुळीत करतात म्हणे, की एकदा फिरवल्या की थांबायचं नाव घेत नाहीत. मोक जेनाब म्हणायची, तिथे फिरव हवं ते, माझं घर काही कारखाना नाही.

या खेपेला तर त्यानं कहर केला. जिन्याची तिसरी पायरी दुरुस्त केली.

घर खांबांवर उभं, स्वैपाकघर पार मागे. पुढून कोण चढतंय ते चुलीपाशी बसून दिसायचं नाही, पण तिसरी पायरी तिला सगळं सांगायची. शेजारीण आली तर नुसतंच चिरकायची. मासळीवाली आली तर टोपलीच्या वजनानं दोनदा बोलायची. देरामन, म्हणजे तिचा नवरा, घाईत असला तर पायरी अर्धवट ओरडून गप्प व्हायची, कारण पुढच्या दोन पायऱ्या तो गाळायचाच. सुहैमीनं तिला चार स्क्रू मारले. आता माणसं मांजरासारखी येऊन पाठीशी उभी राहायला लागली.

तिनं बोलून दाखवलं, तर पोरगा हसला. म्हणाला, "मोक, आवाज येतोय म्हणजे काहीतरी घासतंय, झिजतंय."

"मीही झिजतेय," ती म्हणाली. "मला कुठे घालणारेस तेल?"

तो आणखी हसला आणि छताच्या पंख्याला तेल घालायला खुर्चीवर चढला.

गावात तिला सगळे मोकच म्हणायचे, म्हणजे आई, जसं बापाला पोक. पण त्यात माया कमी आणि धाक जास्त. बाजारात चाळीस वर्षं तिनं बुडू विकलं. खारवलेल्या माशाचं ते कालवण आमच्या केलांतान मुलखात ज्याच्या ताटात नाही तो जेवलाच नाही असं समजावं. तिच्या गाड्यापाशी भाव करायला आलेला माणूस दुसऱ्यांदा यायचा तो भाव न करता. शाळेत ती दोन इयत्ता गेली. तिसरीत मास्तरांची चूक काढली आणि घरी आली, ती परत गेली नाही.

आता भोवऱ्याचं.

जेनाब सतरा वर्षांची असताना देरामन तिच्या बापाच्या तंबाखूच्या भट्टीवर कामाला होता. बापाच्या लक्षात आलं की हा लाकडं रचता रचता घराकडे फार बघतो. बाप पक्का होता. हाकलून दिलं असतं तर पोरगी बिथरली असती. म्हणून त्यानं अट घातली. अंगणात खुंट आहे. तुझा भोवरा त्या खुंटावर फिरतोय तोवर पायरीशी बसून बोल. ती आत बसेल, तू बाहेर. भोवरा पडला की उठायचं, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल.

पहिल्या दिवशी भोवरा चार मिनिटं फिरला. देरामननं पावसापाण्याचं विचारलं, तिनं तंबाखूवर कीड पडल्याचं सांगितलं, आणि भोवरा पडला. बाप खूश.

मग देरामन इरेला पेटला. भात कापणी झाली की आमच्याकडे सगळे बाप्ये तसेही भोवऱ्यांनी वेडे होतात, पण याच्याइतका वेडा कोणी झाला नाही. भोवरा म्हणजे पोरांच्या मुठीतला नव्हे. ताटाएवढा चपटा, पाच किलोचा, मेरबाऊच्या लाकडाचा. आधी त्यानं पोट जाड केलं. सहा मिनिटं. आणखी जाड केलं. सहाच. तेव्हा जेनाबनंच त्याला आतून सांगितलं की माझ्या जात्याकडे बघ जरा. फिरत्या जात्याच्या मधे बोट ठेवलं तर काही होत नाही, कडेला हात लावून थांबवायला जा, हात खांद्यापर्यंत झिणझिणतो. जोर कडेला असतो, पोटात नाही. हे आपणच सांगितलं असं ती सांगते, आणि नाही म्हणायला देरामन आता उरला नाही.

त्यानं पोट तासून टाकलं आणि कडेभोवती शिशाचं कडं ओतलं. खालची आर घासून सुईसारखी केली, आणि भोवरा तासाच्या घरात फिरू लागला. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळायची तर एक वेढा दुसऱ्यावर चढू द्यायचा नाही, आणि फेकताना नुसता हात नाही, डावा पाय मातीत रोवून कंबरेपासून सगळं अंग फिरवायचं. तो म्हणायचा, जे द्यायचं ते त्या एका झटक्यात. हातातून सुटला की पुढे त्याला कोणी काही देत नाही. वारा घेतो, आर घेते, जो तो घेतच जातो.

जमिनीवर पडलेला भोवरा फार वेळ टिकत नाही, माती त्याला खाते. म्हणून तो फिरता असतानाच पातळ फळीवर उचलून खुंटाच्या टोकावरच्या गुळगुळीत वाटीत ठेवायचा असतो. हे काम त्याच्या मित्राचं, जुसोहचं. देरामन फेकणार, जुसोह उचलणार, असं दोघांचं पन्नास वर्षं चाललं.

शिसं ओतताना एक खोट राहिली. कड्यात एका जागी बुडबुडा फुटला आणि तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी झाली. भोवरा फिरला की त्या पोकळीवरून वारा कापला जायचा आणि भोवरा गुणगुणायचा. बाटलीत भुंगा कोंडावा तसा. देरामनला लाज वाटली. उद्या बुजवतो म्हणाला. जेनाब म्हणाली, हात लावशील तर याद राख.

कारण तिला आतून भोवरा दिसायचा नाही, पण आता ऐकू यायचा. सुरुवातीला आवाज चढा असायचा, तोवर थट्टामस्करी, गावाच्या उखाळ्यापाखाळ्या. मग तो हळूहळू उतरू लागायचा. पार खाली आला, घशात आला, की समजायचं आता थोडंच उरलंय, जे खरं बोलायचं ते बोलून घ्यावं. शेवटची दहा-बारा मिनिटं दोघं थट्टा करायची नाहीत. एका संध्याकाळी आवाज असाच तळाला गेला आणि देरामन म्हणाला, "मला रोज उठून जायचा कंटाळा आलाय."

"मग नको जाऊस," ती म्हणाली.

तेवढ्यात भोवरा पडला. पण बापानं ऐकलं होतं.

लग्नानंतरही दर वर्षी कापणी झाली की देरामन घराखालच्या खुंटावर भोवरा लावायचा आणि ती वर चूल फुंकायची. नदीपलीकडच्या गावाशी शर्यत व्हायची, त्यात तो दर वर्षी दुसरा यायचा. त्याची सगळ्यात चांगली वेळ एक तास अठ्ठावीस मिनिटं. पलीकडचे दहा मिनिटांनी जिंकायचे. हरून आला की जेवायला बसायचा आणि म्हणायचा, फार गातो तो, काय करणार. ती त्याच्या ताटात मोठा मासा वाढायची.

दोन पावसाळ्यांपूर्वी देरामन शेतातून येऊन आडवा झाला तो उठला नाही. सुहैमी आला, तीन दिवस राहिला, फाटकाला तेल घालून गेला.

भोवरा तिनं कापडात गुंडाळून तांदळाच्या पेटीत ठेवला. गावातल्या चौघांनी मागून पाहिला, चौघांनाही तिनं बाजारातली भाषा ऐकवली. जुसोह एकदा आला, जिन्याखाली उभा राहून खुंटाकडे बघत राहिला आणि तसाच गेला. पुन्हा आला नाही. ती म्हणायची, मित्र मेला की मित्राची बायकोही मेली की काय. पण कधी चूल विझल्यावर, दुपारी घर निपचित झालं की ती कान देऊन बसायची. कानाला सवय असते. पायाला जशी गेलेल्या चपलेची असते तशी.

एकदा, फक्त एकदा तिला तो आवाज ऐकायचा होता. चढलेला, उतरलेला, घशात आलेला. तिच्या हातून पाच किलोचा भोवरा फेकला जाणार नव्हता. दुसऱ्या कोणी फेकलेला तिला चालणार नव्हता. बापाचा खांदा एकट्या सुहैमीला मिळाला होता. पण त्याला तोंडानं सांगायचं कसं? तिच्या जिभेला भाव सांगायची सवय, मागायची नाही.

म्हणून सुहैमी आला त्या रात्री तिनं पेटी उघडली, कापड काढलं आणि भोवरा पुढच्या खोलीत दाराआड ठेवला. पोरानं पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी तो खिडकीखाली. तिसऱ्या दिवशी तिनं तो सरळ त्याच्या तेलाच्या कुपीशेजारी ठेवला.

तेव्हा कुठे साहेबांची नजर गेली. त्यानं भोवरा उचलला, दोन बोटांवर तोलला, हलकेच फिरवला, थांबू दिला. पुन्हा फिरवला. दर वेळी तीच बाजू खाली येत होती. बराच वेळ तो बघत राहिला, आणि त्या वेळी त्याचा चेहरा असा काही बापासारखा झाला की जेनाबला उगाच भांडी आवरावी लागली.

"मोक, दोन दिवस नेऊ का हा?"

तिच्या मनात आलं, नदीकाठी जाऊन हात बसवणार असेल, लोकांसमोर फजिती नको म्हणून. बापही तसाच होता. तिनं कुठे नेतोस विचारलं नाही. "ने की," ती म्हणाली. "मला काय करायचाय."

त्या दोन दिवसांत तिनं घर झाडलं, अंगण झाडलं, खुंटावरची वाटी राखेनं घासून लख्ख केली. जुसोहकडे निरोप पाठवला की शुक्रवारी नमाजानंतर फळी घेऊन ये, आणि म्हातारपणी हात थरथरत असेल तर आत्ताच सांग. जुसोहनं उलट निरोप दिला की हात ठीक आहे, तुझ्या तोंडाला भिऊन थरथरला तर माझा दोष नाही.

शुक्रवारी अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. जेनाब खाली गेली नाही. हा आवाज तिनं जन्मभर आतूनच ऐकला होता, आजही आतूनच ऐकायचा होता. तिनं चिंचेतला मासा चुलीवरून उतरवला, आणि त्याच्या खदखदण्याचाही अडथळा नको म्हणून लाकडं ओढून विझवली. डोक्यावरची ओढणी सावरून भिंतीला टेकली.

खाली सुहैमीनं श्वास घेतला तो तिला ऐकू आला. मग जाळीचा सटकारा. मग मातीवर धप्प. जुसोहची फळी घासली. वाटीत आर टेकल्याचा टक्क.

आणि मग काहीच नाही.

ती थांबली. जमिनीवरून खुंटावर जाताना भोवरा जरा डगमगतो, मग सरळ होतो, मग गाऊ लागतो. सरळ व्हायला वेळ लागत असेल. तिनं दहापर्यंत मोजलं, पन्नासपर्यंत मोजलं. वारा नव्हता. कोंबडं नव्हतं. पडला असेल, तिला वाटलं. पडला, आणि माणसं बिचारी गप्प बसलीत. पण भोवरा पडला तर आमच्याकडची माणसं गप्प बसत नाहीत, फेकणाऱ्याच्या सात पिढ्या काढतात.

ती उठली आणि जिना उतरली. तिसरी पायरी तिच्याही पायाखाली मुकी राहिली.

भोवरा फिरत होता. इतका फिरत होता की फिरतोय असं वाटतच नव्हतं, कोणी काळी थाळी खुंटावर ठेवून विसरून गेलंय असं वाटत होतं. कडेचं शिसं आरशासारखं झालं होतं. माणसं दबल्या आवाजात बोलत होती, फुंकर लागेल की काय अशी. सुहैमी हात पाठीमागे बांधून उभा होता. आई उतरलेली पाहून त्यानं लहानपणी परीक्षेचा कागद दाखवायचा तसं भोवऱ्याकडे नुसतं बघितलं.

जुसोह तिच्या बाजूला आला. "फळीवर घेतला तेव्हाच कळलं मला," तो हळूच म्हणाला. "देरामनचा घेतला की मनगटापर्यंत मुंग्या यायच्या. हा आला तो पाण्यासारखा आला." आणि त्यानं मान खाली घातली, जसा काही तोच चोर होता.

ती बाकावर बसली आणि भोवरा पडेपर्यंत उठली नाही. सगळ्यांना वाटलं, बाई नवऱ्याच्या आठवणीत बसलीय. बसली होतीच. एक तास झाला, मग सव्वा. देरामनची अठ्ठावीस मिनिटं गेली तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली आणि चौघांनी त्याला गप्प केलं. एक तास चाळीस मिनिटांनी थाळीची कडा जराशी कलली, एक गिरकी, दुसरी, आणि भोवरा मातीत आडवा झाला. पडतानाच काय तो आवाज झाला.

मग मात्र अंगण उसळलं. नदीपलीकडच्यांनी आता शेळ्या पाळाव्यात, असं ठरलं. सुहैमीचा खांदा लोकांनी थोपटून लाल केला. जेनाबनं सगळ्यांना मासा-भात वाढला, बुडू वाढलं, एकालाही टोमणा मारला नाही. तेव्हा जुसोहला खरी काळजी वाटली. जेवण झाल्यावरही तो घरी गेला नाही, जिन्याखालीच बसून राहिला.

लोक गेले. उन्हं नारळींच्या शेंड्यांवर आली. सुहैमी भोवरा फडक्यानं पुसत पायरीशी येऊन बसला. बाप बसायचा त्याच जागी, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

तिनं विचारलं, काय केलंस याला.

तो आनंदानं सांगू लागला. शहरात मित्राच्या लेथवर नेला. एक बाजू हलकी होती, शिशात भोक होतं, तिथे नवीन शिसं भरलं. कडा साफ केली. आर बदलून कडक पोलादाची घातली. "मोक, तो गुणगुणायचा ना, ते फुकट नव्हतं. आवाजाला ताकद लागते, ती दुसरीकडून कुठून येणार? त्याच्या फिरण्यातूनच जायची. थोडी आरेनं खाल्ली, थोडी त्या भोकानं. पोक दर वर्षी दहा मिनिटांनी हरायचे. मी लहान होतो, नदीवरून परत येताना होडीत त्यांच्या मांडीवर हा भोवरा असायचा. एकदा मी विचारलं, भोक बुजवत का नाही? नुसते हसले. म्हणाले, तुझ्या आईला विचार."

फडकं हातात तसंच राहिलं.

"जिंकलेलं बघायला नाहीत ते," तो म्हणाला. "मला वाटलं, तू तरी बघशील."

हे त्याच्या तोंडून आलं, आणि जेनाबच्या जिभेवर दुपारपासून धार लावून ठेवलेलं सगळं एकदम बोथट झालं. पोरगा होडीतल्या त्या दहा मिनिटांच्या मागे वीस वर्षं धावत होता. तिला ते कधी दिसलं नव्हतं. तिला तो फक्त तेल घालताना दिसायचा.

मग तिनं त्याला सांगितलं. बापाची अट, चार मिनिटं, जातं, शिशातला बुडबुडा, आवाज घशात आला की थट्टा बंद. हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. जुसोहनंही इतकं ऐकलं नव्हतं. तो खांबाला टेकून दुसरीकडे बघत राहिला.

सुहैमीचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो म्हणाला की उद्याच नेतो, होतं तसं भोक पाडून आणतो, जागा माझ्या लक्षात आहे.

"त्यानं पाडलं नव्हतं ते," ती म्हणाली. "त्याच्या हातून राहून गेलं होतं. तू पाडशील ते मापानं पाडशील."

त्यानं भोवरा तिच्या पायाशी ठेवला आणि मान खाली घालून बसला, असा की त्याचा खांदा अगदी देरामनचा दिसला. तिला त्या खांद्यावर हात ठेवायचा होता. त्याऐवजी ती जिन्याच्या कठड्याला धरून ताठ उभी राहिली, ओढणी खोचली आणि बाजारात शेवटचा भाव सांगायची तशी बोलली.

"ऐक. भोवरा तू तुझ्या बापापेक्षा चांगला केलास. हे मी पुन्हा म्हणणार नाही, आणि जुसोहनं ऐकलंय ते जुसोहनं विसरावं. नदीपलीकडे ने, जिंकून ये, आता तो तुझा. पण तुझ्या बापाचा भोवरा आजच्यापेक्षा जी बारा मिनिटं कमी फिरायचा, ती वाया जायची नाहीत, ती माझी असायची. आरेचं काय ते मला सांगू नकोस, बाराच्या बारा माझी. त्यानं सांगितलं होतं आईला विचार, आणि तू लेथला विचारलंस. मीही तोंड उघडलं नाही, तेव्हा अर्धी चूक माझ्या पदरात टाक. उरलेली अर्धी आत्ता फेड. तेलाची कुपी ठेव बाजूला, पेचकस घे, आणि तिसऱ्या पायरीचे चारही स्क्रू काढ. तुझ्या बापाचा आवाज गेला तो गेला. तू येशील तेव्हा तरी मला चुलीपाशी कळलं पाहिजे."